वारा पाठीमागून असताना किती मोठं शीड? एका २८ फुटी बोटीचा हिशेब

मुंबई ते गोवा हा रस्ता समुद्राच्या नकाशावर काढला तर दिशा साधारण १६५ अंश येते आणि अंतर सुमारे २२० सागरी मैल. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दुपारचा वारा वायव्येचा. म्हणजे जाताना वारा पाठीवर आणि येताना तोंडावर. येतानाचं रडगाणं इथे गात नाही, त्यासाठी डिझेल आहे. पण जातानासुद्धा नुसत्या मेन (डोलकाठीमागचं मुख्य शीड) आणि जिबवर (पुढचं लहान शीड) बसलात तर जिब मेनच्या आडोशाला लोंबते, बोट डुलत राहते, वेग तीन नॉटवर (तासाला तीन सागरी मैलांवर) येतो आणि मग कोणीतरी म्हणतंच, ‘‘एक मोठं रंगीत शीड घेऊन टाकू या.’’

घ्यावंच. प्रश्न किती मोठं एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण सेलमेकरवर, म्हणजे शिडं शिवणाऱ्यावर, सोडतात. सेलमेकर बोटीचं मॉडेल विचारतो, यादी बघतो आणि त्या डोलकाठीवर मावेल ते सगळ्यात मोठं शीड सांगतो. त्याचं काही चुकत नाही, शर्यतीवालं गिऱ्हाईक तेच मागतं. आमच्या २८ फुटी बोटीला असं उत्तर आलं ५० चौरस मीटर. मी मागवलं ३९. वरचे ११ का सोडले आणि हा ३९चा आकडा आला कुठून, ते मांडते. आकडे तुमच्या बोटीचे घाला.

आमची बोट पाण्याच्या रेषेवर ७ मीटर लांब, वजन सव्वातीन टन. चालवणारे दोघं, मी आणि नवरा, आणि त्यातला एक जण बऱ्याचदा खाली झोपलेला. ही शेवटची बाब मोजमापाइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून आधीच सांगून टाकली.

५, १२, १३

नोकरीत इमारतींवरच्या वाऱ्याचा दाब काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथे एक गोष्ट हाडात भिनते: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट, तर दाब चौपट.

आता बघा. खरा वारा १२ नॉट, अगदी पाठीमागून. बोट ५ नॉटने चालली आहे. शिडाला लागणारा वारा उरतो १२ वजा ५, म्हणजे ७ नॉट. डेकवर ऊन कोवळं लागतं, चहा सांडत नाही, सगळे खुशीत. अशा वेळी ५० काय, ६० चौरस मीटरचं शीडही परवडेल असं वाटतं.

मग ऑटोपायलट एका लाटेवर गडबडतो, किंवा पुढे जाळ्याचा बोया दिसतो म्हणून तुम्ही सुकाणू फिरवता, आणि बोट वाऱ्याला आडवी होते. वेग तोच ५, वारा तोच १२, पण आता दोन्ही एकमेकांना काटकोनात. शाळेतला पायथागोरस: ५ आणि १२च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३. शिडावरचा वारा ७चा १३ झाला. वर्ग करा, ४९ आणि १६९. म्हणजे जवळजवळ साडेतीनपट जोर, तोही वाऱ्याची एक झुळूक न वाढता. बोट कलंडते, सुकाणू पाण्याबाहेर येतं, आणि यालाच ब्रोच म्हणतात.

म्हणून शीड ७ नॉटला किती छान ओढेल हे बघून मोजू नका. १३ नॉटला, बोट आडवी असताना, झोपेतून उठलेल्या माणसाला ते उतरवता येईल का, हे बघून मोजा. माझा सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे.

‘‘एकटा माणूस ५६ फुटी बोट चालवतो की,’’ असं कोणीतरी ऐकवतंच. खरं आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ‘म्हादेई’ ५६ फुटीच आहे. पण आकार वाढला की बोटीचा ताठपणा कितीतरी जास्त वाढतो. त्याच घडणीची बोट दुप्पट लांबीची केली तर वाऱ्याचा कलंडवणारा जोर साधारण आठपट होतो आणि बोटीचा सावरणारा जोर सोळापट. लहान बोट त्याच वाऱ्यात आधी आडवी पडते. मोठ्या बोटीचं धाडस छोट्या बोटीवर आणायचं असेल तर शीड प्रमाणापेक्षाही लहान हवं.

आणि ते ११ चौरस मीटर सोडल्याने आपण गमावतो काय? छोट्या जड बोटीला वेगाची एक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा. आमचं उत्तर ६.४ नॉट. साडेपाचच्या पुढे बोट आपल्याच लाटेचा चढ चढायला लागते आणि वाढीव कापडाचा जोर डुलण्यात जातो. पंधरा नॉटच्या वाऱ्यात ३९ आणि ५० यांच्या वेगात फरक जवळपास शून्य. आठ नॉटच्या मंद वाऱ्यात माझ्या गणिताने फार तर पाव नॉटचा. दहा तासांत अडीच मैल. तेवढ्यासाठी मी रात्रीची झोप विकत नाही.

वारा नक्की कुठून येणार आहे?

‘पाठीमागून’ हा शब्द फसवा आहे. दिशा १६५ अंश आणि वारा वायव्येचा, म्हणजे ३१५ अंशांवरून, असेल तर तो बोटीच्या नाकापासून १५० अंशांवर येतो. किनाऱ्याजवळ दुपारचा खारा वारा जास्त पश्चिमेकडे झुकतो. २९० धरला तर कोन १२५. आणि दूर समुद्रात, पहाटेच्या सुमाराला, तो उत्तरेकडे सरकून ३४० झाला तर १७५, म्हणजे ठार पाठीमागे. एकाच प्रवासात हे तिन्ही भेटतात, आणि प्रत्येकाला वेगळं शीड मानवतं.

१२५ हा कोन जेनेकरचा. स्पिनेकर म्हणजे पाठीमागच्या वाऱ्याचं मोठं, हलकं, फुगणारं शीड; जेनेकर म्हणजे त्याचा पोलशिवाय (शीड बाहेर ताणून धरणाऱ्या दांड्याशिवाय) चालणारा, दोन्ही बाजू सारख्या नसलेला प्रकार. मी मागवलं ते रंगीत शीड हेच. १५०लाही तो चालतो: वारा १२ नॉट आणि वेग साडेपाच असेल तर शिडाला जाणवणारा वारा १३० अंशांच्या आसपास येतो, तेवढा त्याला पुरतो. त्यापलीकडे तो मेनच्या सावलीत जातो आणि फुग्यासारखा भरतो-रिकामा होतो. १७५ला त्याला चालवायचं तर दोन वाटा. मेन उतरवून टाका, किंवा दिशा २५ अंशांनी वळवून आलटूनपालटून दोन बाजूंनी जा. दुसरीत अंतर १० टक्के वाढतं आणि डुलणं बंद होतं. मी दुसरी घेते.

ठार पाठीमागच्या वाऱ्याला खरं उत्तर पोलचं आहे. आमचा १३५ टक्क्यांचा जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारी मोठी जिब, साधारण २३ चौरस मीटरचा. तो पोलने एका बाजूला ताणायचा, मेन दुसऱ्या बाजूला पूर्ण सोडून प्रिव्हेंटरने, म्हणजे बूम (मेनच्या खालचा आडवा दांडा) अचानक पलटू नये यासाठीच्या दोराने, बांधायचा. रंगीत शिडाची मजा नाही, पण फर्लरचा (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेचा) दोर ओढला की अर्ध्या मिनिटात सगळं आवरतं. वर्षातून एखादाच लांबचा प्रवास असेल, बाकी वेळ मांडवा-अलिबागच्या फेऱ्या, तर नवं शीड सोडा आणि लांबी कमी-जास्त होणारा चांगला पोल घ्या. हे सेलमेकर सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

दोन्ही बाजू सारख्या असलेला जुना स्पिनेकर खोल कोनाला, म्हणजे वारा जवळजवळ ठार पाठीमागे असताना, उत्तमच, पण त्याला पोल, पोलचे वर-खाली ओढणारे दोर, आणि जाइब करताना, म्हणजे वारा पाठीवरून दुसऱ्या बाजूला घेताना, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा एक माणूस लागतो. दोघांच्या बोटीवर तो माणूस आणायचा कुठून?

मोजपट्टी वर चढवा

बोटीच्या पुस्तिकेतल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. डोलकाठी कधी बदलली, फर्लर कधी बसवला, पुस्तिकेला पत्ता नसतो. सकाळी लवकर, मतलई वारा मंद असताना आणि मांडव्याच्या फेरीबोटींच्या लाटा सुरू व्हायच्या आधी, स्पिनेकरच्या हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोराला) २० मीटरची प्लास्टिकची मोजपट्टी बांधा. तिच्या त्याच टोकाला खाली ओढायचा एक वेगळा दोरही बांधा, नाहीतर मोजपट्टी वर राहील आणि तुम्ही खाली. हॅलयार्ड पार वर कप्पीपर्यंत न्या आणि नाळेवर जिथे शिडाचा पुढचा खालचा कोपरा बांधणार तिथपर्यंत ताणून मोजा. आमचं आलं ११.१ मीटर.

याच वेळी दुर्बीण लावून वर बघा. स्पिनेकरचा हॅलयार्ड फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारेच्या) वरून, बाहेर काढलेल्या कप्पीतून यायला हवा. तो फोरस्टेच्या खालून येत असेल तर शीड फर्लरवर घासणार. अशा डोलकाठीवर आधी कप्पी, मग शीड.

११.१ मधून वजाबाकी सुरू करा. वरचा स्विव्हल (फिरती कडी) आणि सॉकचा (शिडावरून खाली ओढून ते आवळायच्या कापडी नळीचा) गोळा मिळून ८० सेंटिमीटर खातात. पुढचा खालचा कोपरा, म्हणजे टॅक, पुलपिटच्या (नाळेवरच्या कठड्याच्या) वर राहावा म्हणून टॅकचा दोर ८० सेंटिमीटर. उरले साडेनऊ. पुढची कड, म्हणजे लफ, सरळ नसते, वाऱ्याने पुढे वाकते, म्हणून शिडाच्या कापडावर ती थोडी जास्त धरायची. मी ९.७ धरली. आमच्या यादीतलं ५० मीटरवालं शीड १०.६च्या लफचं होतं. ते सॉकसकट चढवलं असतं तर खालचा कोपरा पुलपिटवर घासत राहिला असता.

मागची कड, म्हणजे लीच, लफपेक्षा थोडी आखूड: ९.० मीटर. पाया, म्हणजे खालची कड, ठरवायला डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून फोरस्टेच्या तळापर्यंतचं डेकवरचं अंतर मोजा. सेलमेकर त्याला ‘जे’ (इंग्रजी J) म्हणतात. आमचा ‘जे’ ३.२ मीटर. शर्यतीचा पूर्ण स्पिनेकर १.८ ‘जे’ रुंद असतो, मी पाया १.७ ‘जे’च्या आसपास ठेवला, ५.४ मीटर.

राहिली मधली रुंदी, लफच्या मध्यापासून लीचच्या मध्यापर्यंत. लोक याकडे बघतच नाहीत आणि शिडाचा स्वभाव मात्र इथेच ठरतो. पायाइतकी किंवा त्याहून जास्त रुंदी म्हणजे भरलेल्या खांद्यांचं, खोल कोनाला ओढणारं, पण सतत लक्ष मागणारं शीड. ७५-८० टक्क्यांवर ते सपाट होतं, आडव्या वाऱ्याला चांगलं, पाठीमागच्या वाऱ्याला आळशी. शर्यतीच्या नियमांत तर मधली रुंदी पायाच्या ७५ टक्क्यांखाली गेली की त्याला स्पिनेकर धरतच नाहीत. दोघांना आणि ऑटोपायलटला झेपेल असं म्हणून मी ९० टक्के घेतलं: ४.९ मीटर.

आता क्षेत्रफळ. लफ आणि लीचची बेरीज करा, १२ने भागा. पायात मधल्या रुंदीची चौपट मिळवा. दोन्हींचा गुणाकार.

(९.७ + ९.०) ÷ १२ = १.५६
५.४ + (४ × ४.९) = २५.०
१.५६ × २५ = ३९ चौरस मीटर

यादीतल्या मोठ्या शिडाला हेच सूत्र लावा: लफ १०.६, लीच ९.९, पाया आणि मधली रुंदी दोन्ही ५.७६. उत्तर ४९ येतं, म्हणजे सेलमेकरचे ५० बरोबरच होते, फक्त आमच्या बोटीवर राहणाऱ्या माणसांसाठी नव्हते.

ऑर्डर द्यायच्या आधी अजून एक करून बघा. पायाच्या लांबीचा, आमच्या बाबतीत ५.४ मीटरचा, एक दोर टॅकच्या जागी बांधा आणि त्याचं दुसरं टोक हातात धरून बाजूच्या डेकवरून मागे जा. शिडाचा मोकळा कोपरा साधारण कुठे येणार ते कळतं. तिथून शीट, म्हणजे तो कोपरा ओढून धरायचा दोर, मागच्या कप्पीकडे कसा जाईल, रेलिंगवर घासेल का, मेनच्या बूमला अडेल का, सगळं तिथेच दिसतं. दोन्ही शीट बोटीच्या लांबीच्या दुप्पट हवेत, जाइब करताना शीड फोरस्टेच्या पुढून फिरवायचं असतं म्हणून. आम्ही ८ मिलीमीटर जाडीचे, प्रत्येकी १७ मीटर घेतले. त्यांच्या टोकाला गाठ मारू नका. ब्रोच झाला तर दोर पूर्ण सुटून जाऊ दे, शीड नुसतं झेंड्यासारखं फडफडेल.

उतरवायचं कसं, त्यावरही आकार ठरतो

जेनेकर उतरवताना बोट आणखी वाऱ्याकडे पाठ करून वळवायची, शीड मेनच्या आडोशाला आणायचं, शीट सोडायचं आणि सॉक खाली ओढायचा. हे सगळं मेनच्या सावलीवर चालतं. आमचं मेन जेमतेम १४-१५ चौरस मीटरचं. त्याच्या आडोशाला ३९ मीटरचं शीड बऱ्यापैकी दबतं. ५० मीटरच्या शिडाचा एक मोठा तुकडा बाहेर राहून ओढतच राहील आणि सॉक अर्ध्यावर अडेल. तुमचं मेन लहान असेल किंवा तुम्ही मेन न लावताच जेनेकर चालवणार असाल, तर आणखी दहा टक्के कमी करा.

डोलकाठीवरच्या वाऱ्याच्या मीटरचा आकडा हा जाणवणाऱ्या वाऱ्याचा असतो. आमची मर्यादा त्यावर १२ नॉट. पाठीमागून वारा असताना तो वाढल्याचं अंगाला कळत नाही, म्हणून अधूनमधून मागे वळून समुद्र बघायचा. इकडेतिकडे तुरळक पांढरे तुरे असतील तर ठीक. जिकडे बघावं तिकडे तुरे दिसू लागले की सॉक.

कोकण किनाऱ्यावर आणखी एक मर्यादा आहे, ती वाऱ्याची नाही, जाळ्यांची. जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, प्रत्येक बंदराबाहेर बोयांच्या रांगा. जेनेकर वर असताना पटकन वळता येत नाही. म्हणून सूर्यास्ताच्या आधी तो पिशवीत, मग वारा कितीही गोड असो. एका अर्थाने निसर्गही साथ देतो: खारा वारा दुपारच्या आधी भरायला लागतो आणि अंधार पडताना मावळतो. रात्री तसंही ते शीड वापरायचंच नसेल, तर मंद वाऱ्यासाठी म्हणून अवाढव्य कापड घेण्यातलं उरलंसुरलं कारणही गेलं.

कापड आणि जुनी शिडं

या आकाराला पाऊण औंसाचं नायलॉन पुरतं. अर्धा औंस फार नाजूक, दीड औंस मंद वाऱ्यात भरतच नाही. शीड वरून खाली गुंडाळणाऱ्या टॉप-डाउन फर्लरचा मोह होईल. त्याला नाळेपुढे काढलेला छोटा दांडा (बोस्प्रिट) आणि पीळ न पडणारा खास दोर लागतो, खर्च शिडाइतका होऊ शकतो. २८ फुटांवर सॉक पुरे.

जुनं शीड मिळालं तर स्वस्त पडतं, पण विकणारा सांगेल ते क्षेत्रफळ मानू नका. हॉलच्या फरशीवर पसरा, चार मापं घ्या, वरचं सूत्र लावा. लफ तुमच्या मर्यादेपेक्षा अर्धा मीटर आखूड असेल तरी चालेल, टॅकचा दोर लांब सोडता येतो. लांब असेल तर नको, ते कमी करायला शिवणकामाचा खर्च होतो आणि आकार बिघडतो. कापड खिडकीसमोर धरून बारीक भोकं बघा. मग वरच्या कोपऱ्याजवळचा तुकडा दोन्ही अंगठ्यांनी ताणा: उन्हाने मेलेलं नायलॉन कागदासारखं फाटतं. विकणाऱ्याला विचारून ताणा, एवढंच.

नवं मागवताना ईमेलमध्ये क्षेत्रफळ लिहू नका. लफ, लीच, पाया, मधली रुंदी ही चार मापं, सॉक आहे की नाही, आणि बोटीवर जागी माणसं किती, एवढं लिहा. क्षेत्रफळ लिहिलंत तर तो बाकीचं आपल्या सवयीने भरेल. रंगाचं विचारतील, तेव्हा लाल पट्टा पांढऱ्याशेजारी मागू नका. खाऱ्या पाण्याने ओलं नायलॉन पिशवीत राहिलं की लाल पांढऱ्यावर उतरतो, आणि जानेवारीच्या थंडीतही शीड घरी नेऊन गोड्या पाण्यात धुवायला बाल्कनी कोणाची लागते हे घरोघरी ठरलेलं असतं.